पीक कांदा, क्षेत्र दोन मोरपंख्या

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी आमच्या घरात काहीही घडलं नाही. आईने मेथीची भाजी केली, ती नेहमीप्रमाणे थोडी खारट झाली, आणि आप्पांनी नेहमीप्रमाणे ती उत्तम झाल्याचं सांगून वर लिंबू मागितलं. मी पारनेरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुप्याहून रोज स्कूटीवर जाते. स्कूटी बाहेर काढत होते तेव्हा आप्पा चहाचा कप घेऊन फाटकापाशी उभे होते.

आमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोरपंखी आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढून आप्पा निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी त्या लावल्या. खाली रुंद, वर निमुळत्या, माणसापेक्षा उंच आणि बारा महिने हिरव्या. स्टोअरकीपरला आवडावं असंच झाड. ऋतू बदलला म्हणून माल कमी-जास्त होत नाही.

"प्रज्ञा," आप्पा म्हणाले, "ही डावीकडची खालून तांबडी पडायला लागलीय. बघ जरा."

"रविवारी बघते."

आमच्या घरात 'रविवारी' हा वार नसून नकाराचा सभ्य प्रकार आहे. आप्पांना ते ठाऊक होतं. "कुठल्या सालातला, तेपण सांगून जा," ते म्हणाले. मी स्कूटी सुरू केली.

बुधवारी पहाटे आप्पांना नगरला हॉस्पिटलात नेलं आणि दुपारी घरी आणलं. त्यानंतरचं सगळं इतर लोकांनी केलं.

बोलण्याचं कामही त्यांनीच केलं. नातेवाइकांना फोन पंकजने, म्हणजे माझ्या भावाने केले. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर काकांनी लिहिला. कॉलेजात शिपायाने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. जो शब्द अशा वेळी उच्चारायचा असतो, तो इतरांनी माझ्या वतीने इतका उच्चारला, की माझी पाळी आलीच नाही. कोणी अगदी समोरून विचारलंच, तर मी म्हणते, "नाहीत."

मराठी भाषेने ही एक मोठीच सोय करून ठेवली आहे. 'नाहीत' हा शब्द शंभर टक्के खरा असतो आणि ऐकणाऱ्याला हवा तो अर्थ मिळतो. सिलिंडरवाला विचारतो, "साहेब आहेत का?" मी म्हणते, "नाहीत." तो म्हणतो, "बरं, आले की सांगा, टाकी ठेवून गेलोय." दोघांचंही समाधान होतं. भाषेचा याहून चांगला उपयोग माझ्या वाचनात नाही.

रविवार मात्र येत राहिले. तिसऱ्या रविवारी मी मोरपंखी बघायला गेले. डावी गुडघ्यापर्यंत तांबूस झाली होती आणि उजवीने तिचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवला होता. मी तिथेच ठरवलं, की या दोन्ही झाडांना मी हिरवं करणार. आप्पांनी शेवटचं सांगितलेलं काम तेवढंच होतं, आणि ते सोपं होतं. असं मला वाटलं.

ग्रंथपालाचा पहिला उपाय वाचन. मी चार दिवस वाचलं आणि मला कळलं, की मोरपंखी तांबडी पडते ती पाणी कमी झाल्याने, पाणी जास्त झाल्याने, उन्हाने, सावलीने, किडीने, बुरशीने, खत न घातल्याने किंवा घातल्याने. शिवाय आतली जुनी पानं आपोआपही तांबडी होऊन गळतात, त्यात काळजीचं कारण नसतं. काळजीचं आहे की नाही, हे नंतर कळतं. एवढ्या ज्ञानाने माणूस जिथे होता तिथेच राहतो, फक्त आता तो संदर्भासहित तिथे असतो.

पंकज पुण्यात असतो आणि प्रत्येक प्रश्नावर त्याच्याकडे एक ॲप असतं. त्याने फोटो मागवला. ॲपने पाच सेकंदांत निदान केलं: हे बहुधा सजावटीचं कृत्रिम झाड आहे, ओल्या कपड्याने पुसावं. पंकज म्हणाला, "ताई, फोटो नीट काढ ना." दुसऱ्या फोटोत मागे आई आली होती. त्याचं निदान मी विचारलं नाही.

पुस्तकात लाल कोळी नावाच्या किडीची एक परीक्षा दिली होती. फांदीखाली पांढरा कागद धरायचा, फांदी झटकायची. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी. घरात पांढरा, कोरा, जाड कागद म्हणजे पुण्यानुमोदनाच्या उरलेल्या पत्रिका. काकांनी हिशोबाने छापूनही गठ्ठाभर उरल्या होत्या आणि त्यांचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक उलटी धरली, फांदी झटकली. ठिपके पडले. मी भिंग लावून वाकले. ठिपके हलले. मी श्वास रोखला. ठिपके थांबले. पुणे-नगर रस्त्याची धूळ आहे की कोळी, हे ठरवण्यासाठी मी पाऊण तास फाटकात वाकून श्वास घेत-सोडत उभी होते.

समोरच्या छबूबाई हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. छबूबाईंचं आयुष्य शेतात गेलं. मुलाने इथे प्लॉट घेतल्यापासून त्यांच्याकडे अनुभव भरपूर आणि जमीन शून्य आहे. त्यामुळे तो सगळा अनुभव आमच्या दोन झाडांवर येतो.

"पत्रिका वाचून दावती का झाडाला?" त्यांनी विचारलं.

"कीड बघतेय, मावशी."

"कीड न्हाई ती. धनी गेला की झाड बी मागं जातंय. आमच्या सासऱ्याच्या मागं लिंब गेला, आख्खा."

"किती दिवसांनी?"

"नऊ वर्सांनी. पन गेला ना."

त्यांनी राख सांगितली, ताक सांगितलं, हिंगाचं पाणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या मोरपंखीला काळी बाहुली लटकत होती. आईने ती सोडवून, नीट घडी करून छबूबाईंच्या हातात परत दिली. "यांनी आयुष्यभर दारात बाहुली बांधू दिली नाही," ती म्हणाली, "आता मी बांधली तर बरं दिसतं का?" छबूबाईंना राग आला नाही. त्यांनी बाहुली आपल्या कढीपत्त्याला बांधली. तो आजही ठणठणीत आहे, हे मला शास्त्राच्या वतीने नाइलाजाने नमूद करावं लागतं.

मग मी कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदार हनुमंत काउंटरवर कोपर टेकून चार शेतकऱ्यांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता. मी बाई, पर्सवाली, एकटी. सगळे गप्प झाले.

"बोला ताई. पीक काय?"

"मोरपंखी. तांबडी पडतेय."

"मोरपंखी," तो आदराने म्हणाला. "किती हाय?"

"दोन."

"ठिबक का मोकळं पानी?"

"बादलीने घालते."

एक जण पुढे सरकून माझ्याकडे बघू लागला. "दोन एकराला बादलीनं," तो हळूच दुसऱ्याला म्हणाला. "लई कष्टाळू बाई दिसती."

या क्षणी 'दोन एकर नव्हे, दोन झाडं' असं म्हणणं अगदी सोपं होतं. पण त्या चौघांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे दाटून आलं होतं, ते माझ्या नोकरीच्या चौदा वर्षांत कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं. मी गप्प राहिले. हनुमंतने दोन एकरांचं कोळीनाशक, दोन एकरांचं बुरशीनाशक आणि दोन पोती काहीतरी दाणेदार माझ्या स्कूटीवर बांधून दिलं. मला कष्टाळू म्हणणाऱ्याने पोतं धरलं, दुसऱ्याने दोरी आवळली. "नर्सरी वाढवा ताई," हनुमंत म्हणाला, "पुन्याच्या बंगल्यांना लई माल जातोय."

घरी आईने पोती बघितली. "जमीन कुठे घेतलीस?" तिने विचारलं.

औषधाची मात्रा दोन एकरांवरून दोन झाडांवर आणायला मला एक वही लागली. उत्तर सात थेंब आलं. सात थेंब फवारायला पंप लागतो. तो छबूबाईंनी पुतण्याकडून आणून दिला. मी तोंडाला रुमाल बांधला, डोळ्यांवर चष्मा, हातात आप्पांचे स्टोअरमधले रबरी हातमोजे, आणि दोन्ही मोरपंख्या वरपासून खालपर्यंत न्हाऊ घातल्या. थोडं औषध उरलं ते सदाफुलीला आणि जाईलाही दिलं. वाया कशाला.

तीन दिवसांनी सदाफुली झोपली. पाचव्या दिवशी जाई. मोरपंख्यांच्या शेंड्यांनी, जे आतापर्यंत हिरवे होते, तांबडं होण्याचा निर्णय घेतला. छबूबाई बघायला आल्या, त्यांनी जाईचं पान हातात चुरगाळलं आणि विचारलं, "पंप धुतला हुता न्हवं?"

"का?"

"न्हाई म्हन्लं, पुतन्यानं पंप द्यायच्या आदल्या दिशी त्यातनं गवताचं औषद मारलं हुतं बांधाला."

आमच्या घराण्यात राग आला की लोक वाचायला बसतात. मी आत जाऊन बसले.

आता मातीचीच तपासणी करायची, असं मी ठरवलं. शास्त्राकडे जायचं तर मुळापासून जावं. पारनेर रस्त्याला 'भूमिसखा माती-पाणी तपासणी केंद्र' नावाची जागा आहे. मी दोन्ही आळ्यांतली माती पिशवीत भरून नेली. खिडकीत सुकन्या नावाची मुलगी होती. कृषी पदविका झालेली, गळ्यात ओळखपत्र, समोर टॅब. तिने पिशवी उचलली. पिशवीतून तिच्या टेबलावर पाणी टपकलं.

"मॅडम, ही माती नाही. चिखल आहे. सावलीत वाळवून आणायची असते."

एवढ्या स्पष्ट शब्दांत झाडाचा रोग मला सांगितला गेला होता, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. मी घरी गेले, माती वर्तमानपत्रावर पसरून तीन दिवस नीट वाळवली, रोगाचा शेवटचा पुरावा असा उडवून लावला आणि परत गेले.

"पीक?" सुकन्याने विचारलं.

"मोरपंखी."

तिने टॅबवर बोट खाली-वर केलं. "यादीत नाही. 'इतर'पण नाही. कांदा टाकू का? आपल्याकडे सगळे कांदाच टाकतात."

"पण तो कांदा नाहीये."

"मॅडम, पीक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

पीक कांदा पडलं. पुढच्या पानावर सातबारा मागितला होता. आमच्याकडे घराचा उतारा, तोही जुना. त्यावर जिल्हा अहमदनगर आणि टॅबवर अहिल्यानगर. दोन्ही ठिकाणी मी एकाच वेळी राहते, याचा कागद माझ्याकडे नव्हता. सुकन्याने उसासा टाकून तेही कसंबसं पुढे सरकवलं. क्षेत्राच्या रकान्यात शून्य चालेना, म्हणून एक एकर झालं. उताऱ्यावर नाव आप्पांचं. तिने ते शेतकऱ्याच्या रकान्यात टाकलं: कल्याण सखाराम भिंगारदिवे. एकतीस वर्षं नट-बोल्ट मोजणारा माणूस असा एका मिनिटात कांद्याचा बागायतदार झाला.

"शेतकरी आलेत?"

"नाहीत."

"मग त्यांना घेऊन या. सही त्यांचीच लागते."

"ते येणार नाहीत."

"आजारी आहेत का?"

मी विचार केला. "नाही. आजारी नाहीत."

"मग?"

माझ्या मागे नमुन्याच्या पिशव्या घेऊन सात-आठ जण उभे होते. त्यांतल्या एका आजोबांना माझी दया आली. "अवं ताई, मानूस हट्टी आसंल तर रिक्षात घालून आना. आमी न्हाई का आलो? पाय दुखत्यात तरी आलोय."

"बघते," मी म्हणाले आणि बाहेर आले. भाषेच्या सोयीची किंमत ही अशी नंतर, खिडकीवर, रांगेसमोर द्यावी लागते.

दुसऱ्या खेपेला मी म्हणाले, ते बाहेरगावी आहेत. हे खोटं होतं, पण 'नाहीत'ने ज्याला घरी बोलावलं होतं, त्याला कुठेतरी पाठवणं भाग होतं. सुकन्याने विचारलं, कधी येतील. मी म्हणाले, सांगता येत नाही. तिने ओटीपीचा मार्ग काढला. ओटीपी आप्पांच्या मोबाईलवर गेला. तो मोबाईल आई रोज चार्जिंगला लावते. का, ते मी विचारलेलं नाही. मी आईला फोन करून आकडे विचारले. तिने आधी बँकेच्या जाहिरातीतले आकडे वाचले, मग तो संदेश आप्पांना कोणी पाठवला असं विचारलं, मग म्हणाली, "त्यांना सांगू का तुझा निरोप," आणि गप्प झाली. मी म्हणाले, "आई, आकडे सांग." तिने सांगितले. तोवर मुदत संपली होती.

तिसऱ्या खेपेला मी काही बोलायच्या आतच सुकन्या म्हणाली, "आले नाहीत ना?" तरीही तिच्या साहेबांनी माती तपासायला घेतली, आणि अहवाल माझ्या मोबाईलवर आला. त्यात माझ्या एक एकर कांद्याला किती पोती खत द्यावं आणि पात पडल्यावर पाणी कधी तोडावं, याचा उत्तम सल्ला होता. शेवटी एक ओळ: शेतकरी तीन वेळा अनुपस्थित, प्रत्यक्ष पाहणी आवश्यक.

एप्रिलच्या शेवटी, शनिवारी सकाळी, सुकन्या स्कूटीवरून आमच्या फाटकात उतरली. आई बादली घेऊन उजव्या मोरपंखीजवळ उभी होती. छबूबाई त्यांच्या ओट्यावरून उठून अलीकडे आल्या होत्या, कारण फाटकात कोणी उतरलं आणि त्या अलीकडे आल्या नाहीत, असं अजून झालेलं नाही.

"कांदा कुठंय?" सुकन्याने विचारलं.

मी दोन मोरपंख्या दाखवल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसली नाही, याबद्दल मी तिची कायमची ऋणी राहीन. तिने आईकडून खुरपं मागून घेतलं आणि डाव्या झाडाच्या आळ्यात रोवलं. खुरपं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर येताना त्याने बुळूक असा आवाज केला आणि कुजका वास आला.

"पाणी कोण घालतं?"

"मी," आई म्हणाली. "पहाटे एक बादली. ते पहाटेच घालायचे."

मी आईकडे बघितलं. "मी संध्याकाळी घालते. कॉलेजातून आल्यावर, रोज."

"आगं, मला काय म्हाईत," छबूबाई म्हणाल्या. "तुमी दोघी दुकाच्या मान्सं, तुमाला कुठलं झाडाचं ध्यान. म्हनून दुपारचं मीच दोन हंडे वतत हुते. गुपचूप."

दिवाळीच्या आधी आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. त्यामुळे त्या दोन आळ्यांमधून पाण्याला जायला कुठे वाटच नव्हती. अडीच महिने आम्ही तिघींनी, एकमेकींना न सांगता, रोज तीन वेळा त्या झाडांना बुडवलं होतं. आणि मी त्यावर बुरशी, कोळी आणि कांदा असा अभ्यास केला होता.

सुकन्याने एक मूळ ओढलं. ते काळं होतं आणि त्याची साल मोज्यासारखी निघून आली. मग तिने दोन्ही खोडांवर नखाने थोडं खरवडलं. उजव्या झाडाच्या सालीखाली हिरवं निघालं. डाव्याच्या सालीखाली वाळलेला तपकिरी रंग होता, अगदी बुंध्यापर्यंत.

"ही उजवी वाचेल," ती म्हणाली. "चार ब्लॉक काढून टाका, माती मोकळी करा, आणि महिनाभर कुणीही पाणी घालू नका. कुणीही म्हणजे कुणीही, आजी."

"बरं," छबूबाई म्हणाल्या.

"ही डावी गेली."

किती सहज म्हणाली. ना आवाज उतरवला, ना कुणाच्या खांद्यावर हात ठेवला. गेली. मी त्या झाडाकडे बघत राहिले. ते चौदा दिवसांपूर्वी गेलं असेल किंवा चाळीस. आम्ही त्याला पाणी घालत होतो.

सुकन्याने टॅब पुसून हातात घेतला. "आता पाहणीचा फॉर्म बंद करते. शेतकरी आज तरी घरी आहेत ना?"

"नाहीत."

"मॅडम, हे चौथ्यांदा झालं. चौथ्यांदा कारण लिहावं लागतं, नाहीतर फाइल माझ्या नावावर पडून राहते. बाहेरगावी लिहू?"

आईने बादली खाली ठेवली. छबूबाईंनी पदर सावरला आणि सुकन्याच्या दंडाला हात लावला. "आगं पोरी, तुला ठावं न्हाई, ते..."

"मावशी, थांबा," मी म्हणाले. "मी सांगते."

छबूबाई थांबल्या. सुकन्याचं बोट टॅबवर टेकलेलं होतं.

"लिहा," मी म्हणाले. "आप्पा वारले. अकरा फेब्रुवारीला, बुधवारी. माझे वडील वारले."